भिंतीआडचे शहर आणि न मारण्याचे व्रत

१

साहित्य आणि नीती यांच्या संबंधाची मराठीत जी चर्चा झाली, तिच्यात एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते : वाचक कृती पाहतो, ती करीत नाही. द्यूतसभेत द्रौपदीच्या वस्त्राला हात घातला जातो तेव्हा वाचक क्षुब्ध होतो, लज्जित होतो, कदाचित भीष्मांच्या मौनाचा वाटेकरीही होतो; परंतु वस्त्र ओढणारा हात त्याचा नसतो. त्याच्यावर येते ती साक्षीदाराची जबाबदारी. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांच्या आधारे कलाविचाराची जी मांडणी केली, ती वाचताना जाणवते की कलेला जीवनव्यवहारापासून स्वायत्त मानणारा आणि तिला जीवनमूल्यांच्या कसोटीवर घासून पाहणारा, हे दोघेही आस्वादकाला कृतीच्या बाहेरच उभे करतात. वाद असतो तो त्याने काय पाहावे आणि कसे पाहावे याविषयी.

व्हिडिओ गेम ह्या कथनप्रकाराने हे गृहीत अडचणीत आणले आहे. तेथे आस्वादकाने बटण दाबल्यावाचून कथा पुढे सरकत नाही. नायकाने लगावलेला ठोसा खेळणाऱ्याच्या अंगठ्यातून निघालेला असतो. मग नीतीचा प्रश्न कोठे विचारावयाचा? कथानकात, नायकाने उच्चारलेल्या तत्त्वांत, की खेळणाऱ्याला कोणती कृती करू दिली आणि कोणती करूच दिली नाही ह्या रचनेत? हा प्रश्न येथे एका विशिष्ट कृतीच्या आधारे तपासावयाचा आहे. लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओजचा 'बॅटमॅन : आर्कम सिटी' (२०११) हा तो खेळ. त्याच निर्मात्यांच्या 'बॅटमॅन : आर्कम असायलम' (२००९) ह्या खेळाचा तो उत्तरभाग होय.

हा खेळ प्रथम आला तेव्हा त्याच्या दृश्यवैभवाने आणि झुंजीच्या लयीने खेळणारे दिपून गेले होते. दशकाहून अधिक काळ लोटल्यावर ते दिपणे ओसरले आहे. कथानक ठाऊक आहे, रहस्ये उघडी पडली आहेत. त्यामुळे आता त्याचा रूपबंध दिसू लागतो. दुसरे असे की हे पुनर्वाचन मीरा रोडच्या नया नगरात राहून केलेले आहे. वाचनाच्या स्थानाचा संहितेच्या अर्थाशी संबंध असतो, हे आपण तत्त्वतः मान्य करतो. ह्या खेळाच्या बाबतीत तो संबंध किती निकटचा आहे हे पुढे स्पष्ट होईल.

२

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे सूत्र सांगणे आवश्यक आहे. पहिल्या खेळाची कथा एका बेटावरील मनोरुग्णालयाच्या आवारात घडते. तेथील घटनांनंतर त्या रुग्णालयाचा प्रमुख क्विन्सी शार्प हा गॉथम शहराचा महापौर होतो. तो जुन्या शहराचा एक मोडकळीस आलेला भाग भिंतीने वेढून घेतो आणि मनोरुग्णालयातील व तुरुंगातील सर्व कैद्यांना त्यात सोडून देतो. हीच 'आर्कम सिटी'. आत कोठड्या नाहीत, दिनक्रम नाही, कायदा नाही. टोळ्या आहेत, बर्फ आहे, आणि भिंतीवर खाजगी सशस्त्र पहारेकरी आहेत. ह्या साऱ्याची सूत्रे ह्यूगो स्ट्रेंज नावाच्या मनोविकारतज्ज्ञाकडे आहेत. ह्या योजनेला जाहीर विरोध करणारा उद्योगपती ब्रूस वेन आरंभीच पकडला जातो आणि कोणत्याही खटल्यावाचून आत फेकला जातो. ब्रूस वेन म्हणजेच बॅटमॅन. एका रात्रीत त्याला स्ट्रेंजच्या 'प्रोटोकॉल टेन' ह्या गुप्त योजनेचा छडा लावावयाचा आहे. ती योजना अशी की, आतील कैद्यांनी बंडाळी माजवली असे निमित्त करून हेलिकॉप्टरमधून क्षेपणास्त्रे डागावयाची आणि त्या सर्वांचा संहार करावयाचा.

बॅटमॅन हे पात्र १९३९ साली बॉब केन आणि बिल फिंगर यांनी निर्माण केले. त्याच्या पुढील प्रदीर्घ परंपरेत त्याचे एक व्रत रूढ झाले : तो कोणाचाही जीव घेत नाही. 'आर्कम सिटी' हे व्रत कसोशीने पाळते. खेळणाऱ्याने कितीही माणसांना लोळविले, तरी त्यांतील एकही मरत नाही. खेळात 'डिटेक्टिव्ह मोड' नावाची एक दृष्टी आहे. ती चालू केली की भिंतीपलीकडची माणसेही सांगाड्याच्या रूपात दिसू लागतात. शस्त्रधारी असतील ते लालसर, इतर निळे. जमिनीवर पडलेल्या माणसापुढे तो 'बेशुद्ध' असल्याची नोंद येते. नायकाचे व्रत अभंग असल्याची ही पावतीच होय.

३

येथे उत्तरभागाच्या रचनेतील मूळ अडचण लक्षात घ्यावी लागते. पहिला खेळ बंदिस्त आवारात घडत असल्याने तेथे भेटणारा जवळजवळ प्रत्येक अनोळखी माणूस शत्रू असणे स्वाभाविक होते. दुसऱ्या भागात नायकाला मोकळे आकाश हवे होते, छपरांवरून झेप घेता येईल असे शहर हवे होते. परंतु शहर म्हटले की नागरिक आले : दूध आणावयास निघालेला माणूस, शाळेतून परतणारी मुले, रात्रपाळीची परिचारिका. अशा शहरात झुंजीवर आधारलेला खेळ सतत अडखळतो, कारण प्रत्येक सावलीविषयी आधी विचारावे लागते की ही कोण? शहर ठेवून नागरिक काढून टाकले की ती अडचण सुटते. भिंत ते काम करते. भिंतीच्या आत जो सापडेल त्याला मारण्यास हरकत नाही, अशी व्यवस्था तिने एकदाच आणि सर्वांसाठी लावून दिलेली आहे.

माणसाचा निवाडा त्याच्या कृत्यावरून न होता तो कोठे सापडला यावरून होणे, ह्या प्रकाराला आपण 'स्थळनिवाडा' म्हणू. 'आर्कम सिटी'तील खेळणाऱ्याचे सारे स्वातंत्र्य ह्या स्थळनिवाड्यावर उभे आहे. रस्त्यात शेकोटीभोवती उभ्या असलेल्या पाचजणांवर वरून झेप घेताना त्यांनी काय केले आहे हे विचारण्याची गरज खेळणाऱ्याला भासत नाही. ते आत आहेत, एवढे पुरेसे असते.

हे अपरिहार्य नव्हते, हे दाखविण्यासाठी दुसऱ्या एका उत्तरभागाची आठवण उपयोगी पडेल. 'स्पायडर-मॅन २' (२००४) ह्या खेळात मॅनहॅटनचे रस्ते पादचाऱ्यांनी आणि मोटारींनी भरलेले होते. त्यातील नायकाच्या कामांपैकी एक काम असे होते की, लहान मुलाच्या हातून सुटलेला फुगा आकाशात उडून जाण्यापूर्वी पकडून आणावयाचा. त्या फुग्याची पुढे खेळणाऱ्यांनी पुष्कळ थट्टा केली. ते काम कंटाळवाणे होते हेही खरे. परंतु फुग्याचे काम असू शकते ते शहरात मूल आहे म्हणून. 'आर्कम सिटी' हा कलादृष्ट्या कितीतरी अधिक घट्ट विणलेला खेळ आहे. मात्र ती घट्ट वीण त्याला मुलाला शहराबाहेर ठेवून मिळालेली आहे.

४

ह्यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. खेळातील खलपुरुष भिंत बांधणाराच आहे. मग ह्या कृतीवर स्थळनिवाड्याचा आरोप करणे अन्यायाचे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. संहितेला आपल्या भिंतीविषयी शंका आहे. आत केवळ गुन्हेगार नाहीत, राजकीय कैदीही आहेत. स्ट्रेंजच्या कारभाराविरुद्ध बोललेली, नको ते ठाऊक झालेली माणसे आत टाकलेली आहेत. रस्त्यात टोळीवाले त्यांना मारहाण करताना आढळतात आणि त्यांना सोडविणे हे खेळणाऱ्याला दिलेले एक ऐच्छिक काम आहे. छपरावर बसून ऐकले तर टोळीवाल्यांचीही बोलणी कानी पडतात : कोणत्या टोळीत गेल्यास निभाव लागेल, जोकर खरोखरच मरणपंथाला लागला आहे काय, वगैरे. घाबरलेल्या माणसांची ही बोलणी आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुद्द नायक आत आला आहे तो खटल्यावाचून पकडलेला माणूस म्हणून. भिंतीचा निवाडा खोटा असू शकतो, याचा पहिला पुरावा नायकाचेच शरीर आहे.

परंतु ह्या शंकेचे रचनेत काय होते ते पाहण्यासारखे आहे. बेड्या घातलेला ब्रूस वेन थोड्याच वेळात छपरावर चढतो, त्याला त्याचा पोशाख मिळतो आणि तो कैदी राहत नाही. ज्या क्षणी तो बॅटमॅन होतो त्या क्षणी स्थळनिवाडा त्याच्यापुरता रद्द होतो आणि इतरांपुरता कायम राहतो. राजकीय कैद्याची गोष्ट याहून बोलकी आहे. तो निरपराध आहे हे आपल्याला कळते ते तो मार खात असतो म्हणून. मार खाणे हीच त्याची ओळखपत्रिका. त्याला वाचवून झाल्यावर बॅटमॅन निघून जातो आणि तो माणूस भिंतीच्या आत, त्याच थंडीत, राहतो. दरवाजा उघडून त्याला बाहेर नेण्यासाठी खेळात बटण नाही.

तेव्हा असे म्हणावे लागते की, कथानक भिंतीचा निषेध करते, परंतु खेळ भिंतीवर जगतो. कथानकाच्या पातळीवरील निषेध आपण ऐकतो. रचनेच्या पातळीवरील संमती आपण हाताने देतो. दहावीस तास दिलेली ही संमती चार संवादांतील निषेधापेक्षा अधिक खोल जाते, असे मानण्यास जागा आहे. आशय आणि रूप यांचे अद्वैत आपण काव्याच्या संदर्भात शिकवितो. ते येथे लावले तर खेळाची नीती त्याच्या क्रियापदांत शोधावी लागेल.

५

आता त्या व्रताकडे वळू. न मारण्याचे व्रत हे कोणाविषयीचे दायित्व आहे? वरवर पाहता ते शत्रूच्या जिवाविषयीचे वाटते. प्रत्यक्षात ते स्वतःच्या हाताविषयीचे असू शकते : माझ्या हाताला रक्त लागू नये. व्रत आणि दायित्व यांतील हा फरक आपल्या परंपरेला अनोळखी नाही. भीष्मांची प्रतिज्ञा अभंग राहिली; द्यूतसभेतील त्यांचे मौन त्या अभंगतेला छेद देत नव्हते. व्रतस्थ पुरुष स्वतःकडे पाहून विचारतो, माझे व्रत मोडले काय? दायित्व मानणारा समोर पाहून विचारतो, ह्याचे काय झाले? बॅटमॅनच्या दृष्टीत उमटणारी 'बेशुद्ध' ही नोंद पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. बर्फात बेशुद्ध पडलेल्या माणसाचे पुढे काय होते, ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे ती वळत नाही.

वेढलेल्या भूभागातील सर्व जीवांचा एकत्र निकाल लावण्याची कल्पनाही आपल्याला नवी नाही. आदिपर्वातील खांडववनदाहात अग्नीला तृप्त करण्यासाठी कृष्ण आणि अर्जुन वनाच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि बाहेर पळू पाहणाऱ्या प्राण्यांना परत आगीत लोटतात. वाचतात ते मोजके : तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मय आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) ह्या प्रसंगाकडे वीरकृत्य म्हणून न पाहता तेथे जळालेल्यांच्या बाजूने पाहिले आणि त्या राखेतून उभ्या राहिलेल्या मयसभेचा मार्ग पुढील विनाशाशी जोडून दाखविला. तेथेही वधाचे कारण जीवांचे कृत्य नव्हते. ते वनात होते, एवढेच. आणि जे वाचले तेही, शरण आलेल्या मयासारखे, एकेकट्याने वाचले. वन कोणी वाचविले नाही.

'आर्कम सिटी'चा सर्वांत मोठा नैतिक क्षण ह्याच ठिकाणी येतो, आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. क्षेपणास्त्रे सुटू लागतात त्याच वेळी बॅटमॅनची प्रेयसी टालिया जोकरच्या तावडीत असते. त्याला टालियाकडे जावयाचे आहे. त्याचा वृद्ध सेवक अल्फ्रेड त्याला अडवितो : आधी त्या माणसांना वाचविले पाहिजे. ही माणसे कोण? ज्यांना खेळणाऱ्याने रात्रभर झोडपले तीच. क्षणभर गणित उलटे होते. ज्यांची मोजदाद केवळ किती लोळले अशी होत होती, त्यांची मोजदाद आता किती वाचतील अशी करावी लागते. व्रताच्या जागी दायित्व येते, आणि ते नायकाला स्वतः सुचत नाही, सेवकाला सुचते. कॅण्टच्या परिभाषेत बोलावयाचे तर माणूस हा केवळ साधन नव्हे हे ह्या खेळाला येथे प्रथमच स्मरते.

मात्र हा क्षण खेळणाऱ्याच्या हातात येत नाही. टालियाकडे जाण्याचा मार्ग खेळ देत नाही. मनोऱ्यावर चढून यंत्रणा बंद पाडणे एवढेच करता येते. निवड अल्फ्रेडची आणि लेखकांची असते. निवडीचे नाटक खेळात अन्यत्र आहे. कॅटवूमनच्या प्रकरणात खेळणाऱ्यापुढे दोन दारे येतात : लूट घेऊन बाहेर पडावयाचे, किंवा ती टाकून संकटातील बॅटमॅनकडे जावयाचे. बाहेर पडण्याचे दार निवडले तर श्रेयनामावली सरकू लागते, शहराच्या विनाशाची वार्ता ऐकू येते, आणि मग दृश्य उलटे फिरून आपल्याला पुन्हा त्याच दारांपाशी आणून सोडते. चूक करण्याची मुभा आहे, ती केलेली राहण्याची नाही. शोकात्मिकेत कृती परत घेता येत नाही, म्हणूनच तिथे कृतीला वजन असते. येथे सद्गुण हा पुढे जाण्याचा एकमेव मार्ग ठरतो, आणि जो मार्ग एकमेव आहे त्याला सद्गुण म्हणावे काय, हा प्रश्न उरतो.

६

आता वाचनाच्या स्थानाचा मुद्दा. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेकडील नया नगर ही वसाहत १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून आकाराला येत गेली. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईच्या निरनिराळ्या भागांतील अनेक मुसलमान कुटुंबे येथे आली. येथे भिंत नाही. चर्चगेटकडे जाणारी सकाळची लोकल पकडणाऱ्यांत, महाविद्यालयांच्या वर्गांत, बँकांच्या खिडक्यांपाशी येथली माणसे इतरांत मिसळलेली असतात. 'आर्कम सिटी'शी नया नगराची तुलना करणे हे दोहोंवर अन्याय करणारे होईल. मुद्दा तुलनेचा नाही. ज्याला आपल्या पत्त्यावरून ओळखले जाण्याचा अनुभव आहे असा वाचक ह्या खेळात काय पाहील, हा मुद्दा आहे.

२१ जानेवारी २०२४च्या रात्री, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठा समारंभाच्या पूर्वसंध्येला, येथे वाहनांच्या मिरवणुकीच्या निमित्ताने हिंसाचार झाला. त्यासंबंधी गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. २३ जानेवारी रोजी हैदरी चौकाच्या परिसरातील काही बांधकामे, अनधिकृत असल्याच्या कारणावरून, बुलडोझरने पाडण्यात आली. त्यांची कायदेशीर बाजू हा ह्या लेखाचा विषय नव्हे, आणि त्या रात्री ज्यांनी हात उगारला त्यांच्या कृत्याचा निवाडा व्हावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या दिवसांतील भाषेचे व्याकरण ध्यानात घेण्यासारखे होते. कृत्य करणारे 'कोणी' होते. उत्तर मात्र 'कोठे' ह्या प्रश्नाला दिले जात होते. बोलण्यात नया नगर हे स्थलवाचक नाम राहिले नव्हते, ते कर्ता झाले होते. माणसांच्या जागी ठिकाण कर्ता झाले की स्थळनिवाड्याला वीटमातीची भिंत लागत नाही. ते काम विभक्तिप्रत्यय करतात.

अशा ठिकाणची अठरावीस वर्षांची मुले हा जुना खेळ आजही खेळतात, कारण त्याला महागडा संगणक लागत नाही. तीही छपरावरून झेप घेतात, तीही पाचजणांना लोळवितात, आणि त्यांना त्यात आनंद होतो. ह्या आनंदाला दोष देण्याचे प्रयोजन नाही. काल्पनिक ठोसा मारणारा उद्या खरा ठोसा मारील, हे समीकरण भाबडे आहे. त्या समीकरणाच्या आधारे कादंबऱ्यांवरही एके काळी बंदी मागितली गेली. खेळातून हिंसा शिकली जाते की नाही, हा आपला प्रश्न नाही. एखाद्या भूभागातील माणसांकडे पाहताना कोणता प्रश्न विचारण्याची गरज नसते, हे खेळ शिकवितो काय, असा आपला प्रश्न आहे. आणि ज्या मुलाकडे पाहताना तो प्रश्न बाहेर कोणी विचारलेला नसतो, ते मूल छपरावर बसून शेकोटीभोवतीच्या माणसांची बोलणी थोडी अधिक वेळ ऐकत राहील, अशी शक्यता निदान नाकारता येत नाही. संहितेने ती बोलणी लिहून ठेवलेली आहेत. ती ऐकावयास थांबणे हे मात्र खेळाने मागितलेले नाही. ते वाचकाने आपण होऊन करावयाचे आहे.

७

खेळाच्या शेवटी जोकर मरतो. त्याला वाचवू शकणारे औषध बॅटमॅनच्या हाती असते. जोकर मागून त्याच्यावर वार करतो, बाटली फुटते. इतके सारे होऊनही मी तुला वाचविलेच असते, असे बॅटमॅन त्याला सांगतो. मग त्याचे प्रेत दोन्ही हातांवर घेऊन तो भिंतीबाहेर येतो, पोलिसांच्या मोटारीवर ठेवतो आणि काही न बोलता निघून जातो. समीक्षकांनी ह्या शेवटाची वाखाणणी केली, आणि ती योग्यच होती. व्रत येथे सर्वांत कठीण परीक्षेला उतरले आहे. तथापि पुनर्वाचनात लक्ष दुसरीकडे जाते. त्या रात्री नायकाने भिंतीबाहेर हाती उचलून आणलेला एकच माणूस आपण पाहतो, आणि तो त्याचा शत्रू असतो, तोही मेलेला. मार खाताना आपण ज्यांना सोडविले, त्या राजकीय कैद्यांचे काय झाले हे दाखविण्याची निकड त्या अखेरच्या दृश्याला वाटत नाही.

ज्या कथनात आस्वादक स्वतः कृती करतो त्याच्या नैतिक समीक्षेला यावरून एक दिशा मिळते असे वाटते. नायक काय करण्यास नकार देतो, ह्यावर आजवर आपण भर दिला. त्याबरोबर असेही विचारावयास हवे की, त्या नकाराची शुद्धता टिकावी म्हणून कृतीने कोणाला आधीच मोजणीबाहेर ठेवले आहे. 'आर्कम सिटी'पुरते उत्तर स्पष्ट आहे : भिंतीच्या आत असण्यापलीकडे ज्यांच्याविषयी आपल्याला काहीही सांगितले गेले नाही, त्या सर्वांना. हा प्रश्न इतर खेळांना लावून पाहिला पाहिजे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील आणि वीरकाव्यांतील वेढलेल्या नगरांनाही तो लावता येईल. तेथे आपण बटण दाबीत नाही, पान उलटतो. पण आतल्या माणसांविषयी न विचारता पान उलटण्याची सवय आपल्याला लागली ती व्हिडिओ गेम येण्याच्या कितीतरी आधी.